तारीख कळली म्हणून मुलाची फी भरायची नाही?

वाचक भगिनीचं पत्र, थोडं कमी करून:

सलाम ताई. आम्ही कोपरखैरण्याला राहतो. मिस्टर रबाळे एमआयडीसीत सुपरवायझर आहेत. २०२१ मध्ये माझे मोठे दीर कोरोनात गेले, शेवटचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. तेव्हापासून मिस्टर रात्र रात्र शेवटच्या काळावरचे व्हिडिओ बघत बसतात. आता एका ऑनलाइन प्रार्थना ग्रुपवर कोणीतरी प्रभूच्या येण्याची तारीखच सांगितलीये, ह्याच वर्षातली. मिस्टर म्हणतात मोठ्याच्या बारावीच्या क्लासची फी भरायची नाही, एफडी मोडून त्या ग्रुपच्या सेवेला द्यायची, नोकरी सोडायची आणि कळव्याची सासऱ्यांची खोली विकायची. त्या खोलीत जाऊबाई दोन मुलींना घेऊन राहतात, खोलीवरूनच आमचं त्यांच्याशी बोलणं बंद झालंय. मुलाचं आधार अपडेट करायचंय तर ती पशूची खूण आहे म्हणतात. मी नको म्हटलं की म्हणतात, तू लोटाच्या बायकोसारखी मागे बघतेस. धाकटी नऊ वर्षांची आहे. परवा ती शाळेतून आली तेव्हा मी दळण आणायला गेले होते, दाराला कुलूप, शेजारचे फोन करत होते पण माझा फोन घरातच राहिलेला. मी आले तर जिन्यात दप्तर पोटाशी धरून बसलेली, नुसती थरथरत होती, म्हणाली तुम्ही सगळे येशूबरोबर गेलात आणि मी एकटी राहिले. आता रात्री लाईट बंद करू देत नाही, माझ्या गाऊनचं टोक मुठीत धरून झोपते. ताई, माझा विश्वास कमी आहे का? आणि तयार राहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

सलाम ताई,

पत्र वाचून सगळ्यात आधी त्या जिन्यातल्या पोरीपाशीच मी थांबले. एफडी, खोली, तारीख, सगळ्यावर बोलते, पण नऊ वर्षांचं लेकरू कुलूप बघून आई कुठेतरी खाली गेली असेल असं न म्हणता येशू आईला घेऊन गेला आणि मला टाकून गेला असं म्हणतं, तर तिच्या मनात येशूचं जे चित्र बसलंय ते चुकीचं बसलंय, हे मला स्पष्ट सांगावंसं वाटतं. शिष्य लेकरांना आणणाऱ्यांना दटावत होते तेव्हा येशू शिष्यांवर रागावला आणि लेकरांना कवेत घेतलं, मार्क १० मध्ये आहे. तोच येणार आहे ना? दुसरा कोणी तर नाही येणार.

आणि तुमचा विश्वास कमी नाही. तुम्ही फी भरायची म्हणताय, जाऊबाईंच्या डोक्यावरचं छप्पर विकू नका म्हणताय, ह्यात मला अविश्वास कुठेच दिसत नाही.

एक गोष्ट आधीच बोलून ठेवते म्हणजे गैरसमज नको. प्रभू परत येणार ह्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. दर रविवारी उपासनेत आपण विश्वासांगीकार म्हणतो, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार असं म्हणतो, ते मी तोंडदेखलं म्हणत नाही. त्यामुळे तुमच्या मिस्टरांना वेड लागलंय असं मी म्हणणार नाही आणि तुम्हीही घरात भांडताना तसलं काही बोलू नका, कारण ते ज्याची वाट बघतायत ती गोष्ट खरी आहे. वाट बघण्याची जी पद्धत त्यांना त्या ग्रुपने शिकवलीये ती मात्र शास्त्रातली नाही, आणि हे मी माझ्या मनाने नाही म्हणत, मिस्टरांसमोर बायबल उघडून बसा आणि एकेक वाचा.

तारखेचं तर फार लांबवायलाच नको. मत्तय २४:३६, तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुनरुत्थानानंतर शिष्यांनी परत तेच विचारलं, तर प्रेषितांची कृत्ये १:७ मध्ये प्रभू म्हणतो की काळ आणि समय पित्याने स्वतःच्या हातात ठेवलेत, ते जाणून घेणं तुमच्याकडे नाही, आणि लगेच पुढच्या वचनात त्यांना काम देतो की माझे साक्षी व्हा. मग तो वर घेतला गेला, हे सगळे आकाशाकडे बघत उभे, तर दोन पुरुष येऊन विचारतात की असे आकाशाकडे बघत का उभे राहिलात. म्हणजे मंडळीची सुरुवातच अशी झालीये, वर बघू नका, शहरात परत जा, तुम्हाला काम दिलंय.

तरी लोक तारखा काढतातच. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या मागे हजारो लोक होते, त्यांच्यात १८४४ सालच्या २२ ऑक्टोबरची तारीख ठरली, काहींनी शेतातलं उभं पीक काढलं नाही कारण खायला राहणार कोण, आणि २३ ऑक्टोबरची सकाळ नेहमीसारखी उजाडली. मग २०११ ला हॅरॉल्ड कॅम्पिंगने रेडिओवरून २१ मे सांगितली, ती गेली तर २१ ऑक्टोबर सांगितली, तीही गेली, आणि पुढच्या वर्षी त्याने स्वतःच जाहीर मान्य केलं की तारीख सांगणं पाप होतं. लोकांनी तोवर साठवलेला पैसा घालवला होता. अगदी आत्ता २०२५ च्या सप्टेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या एकाचा व्हिडिओ जगभर फिरला, २३-२४ तारीख, तेव्हाही माणसांनी नोकऱ्या सोडल्या, गाड्या विकल्या. मिस्टरांना हे चिडवायला सांगू नका. एवढंच विचारा की ह्या सगळ्यांना आपलं गणित तितकंच पक्कं वाटलं होतं ना, आणि ज्या वचनात पुत्रालाही ठाऊक नाही असं लिहिलंय ते त्यांच्याही बायबलमध्ये होतंच ना.

आता ज्या भागाबद्दल मला खरं बोलायचंय तो पहिलं थेस्सलनीकाकरांस, म्हणजे प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र. तुमच्या मुलीला जी भीती बसलीये, की घेतले जातील आणि मी राहीन, ती बहुतेक ह्याच पत्रातल्या चौथ्या अध्यायावरच्या व्हिडिओतून आलीये, मेघांत वर घेतले जाऊ ते वचन. ते पत्र पौलाने कशासाठी लिहिलं बघा. थेस्सलनीकातली मंडळी अगदी नवीन होती, प्रभू लवकर येणार म्हणून वाट बघत होती, आणि तेवढ्यात त्यांच्यातली काही माणसं वारली. मग मागे राहिलेल्यांना घोर लागला की आपला माणूस तर मातीत गेला, प्रभू आला की तो मुकणार का, आपली गाठ परत पडणार की नाही. पौल त्यांना सांगतो, आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करू नका, जे ख्रिस्तात मेले ते आधी उठतील, मग आपण, आणि सगळे मिळून प्रभूजवळ सर्वकाळ राहू. आणि शेवटचं वाक्य, अठरावं वचन, ह्या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा.

सांत्वन करा म्हणतोय तो, ताई. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरासाठी लिहिलेलं हे वचन आहे, आणि ते कापून, पाठीमागे म्युझिक लावून, लेकरांना घाबरवायला वापरतात ह्याचा मला मनापासून संताप येतो.

आणि आता परत तुमचं पत्र बघा. २०२१, मोठे दीर, शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही. तेव्हापासून व्हिडिओ. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात पण मला वाटतं सगळं तिथेच आहे. तेव्हा माणसं प्लास्टिकमध्ये बांधून नेली, मंडळीतले चार लोक खांद्याला आले नाहीत, घरी प्रार्थनासभा झाली नाही, जे काही झालं ते मोबाईलवर झालं. तुमच्या मिस्टरांनी भावासाठी नीट रडून घेतलंय का कधी? मला तर असं वाटतं की त्यांना तारीख हवीये ती जगाच्या शेवटाची नाहीच, भाऊ परत कधी दिसेल त्याची हवीये. थेस्सलनीकातल्या माणसांचं हेच होतं. तेव्हा ह्या विषयावर पुढच्या वेळी बोलाल तेव्हा व्हिडिओवरून सुरुवात नका करू, भावावरून करा. त्यांच्या आठवणी काढा, फोटो काढून बसा, चौथा अध्याय तेराव्या वचनापासून मोठ्याने वाचा आणि मिस्टरांना बोलू द्या. रडले तर रडू द्या.

त्याच अध्यायात, वर घेतलं जाण्याच्या जरा आधी, अकराव्या वचनात पौलाने काय लिहिलंय माहितीये का, की शांतपणे राहा, आपला आपला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. म्हणजे एका श्वासात नोकरी करा आणि दुसऱ्या श्वासात प्रभू येतोय. आणि तिथल्या काहींनी तरी कामधंदा सोडलाच असावा, कारण दुसऱ्या पत्रात, तिसऱ्या अध्यायात तो कडक होऊन लिहितो की ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात असंही आहे की आमच्याकडून आलंय असं भासवणाऱ्या पत्राने किंवा कुठल्या भविष्यवाणीने एकदम बिथरून जाऊ नका. फॉरवर्ड तेव्हाही येत होते, फक्त हाताने लिहिलेले. राजीनाम्याचा विषय निघाला की ही दोन्ही वचनं समोर ठेवा.

तयार राहायचं म्हणजे काय करायचं हे तुम्ही विचारलंत, तर दहा कुमारींचा दाखला आपण सगळ्यांनी शेकडो वेळा ऐकलाय पण त्यातलं एक वाक्य उपदेशात सहसा सुटतं. मत्तय २५, दहा जणी दिवे घेऊन लग्नाच्या वराची वाट बघत होत्या, पाच शहाण्यांनी जास्तीचं तेल घेतलं होतं, पाच मूर्खांनी नाही. वराला उशीर झाला तेव्हा त्या सगळ्या डुलक्या घेऊन झोपी गेल्या. सगळ्या! शहाण्यासुद्धा. मूर्ख झोपल्या आणि शहाण्या जाग्या राहिल्या असं प्रभूने सांगितलेलंच नाही. दहाही जणी झोपल्या, फरक होता तो तेलाचा. तर जागृत राहा म्हणजे रात्री तीन वाजेपर्यंत मोबाईल बघत बसा असं नाहीये, शहाणी कुमारीसुद्धा निवांत झोपते कारण तिची तयारी झोपायच्या आधीच झालेली असते. मिस्टरांना झोप नाही, मुलीला झोप नाही, तुम्हाला तर कुठून असणार, आणि ह्याला तयारी म्हणतात? चौथं स्तोत्र बघा, आठवं वचन, मी स्वस्थपणे पडून लगेच झोपी जातो कारण परमेश्वरा तूच मला निर्भय ठेवतोस. हे वचन धाकटीला पाठ करून द्या.

मग ते तेल म्हणजे काय, ह्यावर वेगवेगळे पाळक वेगवेगळं सांगतात, कोणी पवित्र आत्मा म्हणतं, कोणी विश्वास, कोणी सत्कर्म. मला स्वतःला त्या दाखल्याच्या आधीचा आणि नंतरचा दाखला एकत्र वाचला की बरंच स्वच्छ दिसतं. आधी, मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायाच्या शेवटी, विश्वासू दास आहे. मालक बाहेर गेलाय, त्याने ह्याला घरच्या माणसांवर नेमलंय, कशासाठी, तर त्यांना वेळच्या वेळी जेवायला देण्यासाठी. बस. मालक येईल तेव्हा जो दास असं करताना सापडेल तो धन्य. दारात दुर्बीण लावून बसलेला नाही, घरच्यांना वाढताना सापडलेला. आणि पंचविसाव्या अध्यायाच्या शेवटी मेंढरं आणि शेरडं, तिथे राजा उजवीकडच्यांना म्हणतो मी भुकेला होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही माझ्याकडे आलात, तर ते उलट विचारतात, प्रभू, कधी? त्यांना माहीतच नव्हतं की ते तयारी करतायत. त्यांना समोरचा भुकेला दिसला, त्यांनी वाढलं.

तुम्ही सकाळी उठून तिघांचे डबे भरता, मुलाला क्लासला पाठवता, मिस्टर शिफ्टला वेळेवर जातात, पगार घरी आणतात, हे त्या विश्वासू दासाचं काम आहे हो. मुलाची फी भरणं हे वेळच्या वेळी जेवायला देणं आहे. प्रभू उद्या आला आणि तुम्ही क्लासच्या काउंटरवर पावती घेत उभ्या असाल तर लाजायचं काही कारण नाही. दोघी जात्यावर दळत असतील असं प्रभूच म्हणतो ना, म्हणजे त्याची लोकं तो येईल तेव्हा दळतच असणार आहेत. तुम्हीसुद्धा दळण आणायलाच गेला होतात.

आपल्या ठाण्याचंच एक आठवलं म्हणून सांगते. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन धर्मबंधू ठाण्यात मारले गेले, थॉमस तोलेंतिनो आणि त्याचे तीन सोबती, विश्वास सोडला नाही म्हणून. ते चीनकडे सेवेला निघाले होते, वाटेत ठाण्याला उतरले होते. जॉर्डन नावाच्या त्यांच्या सोबत्याने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. मरणाला तयार अशी ही माणसं होती, पण ती कामाला निघालेली माणसं होती, पुढच्या प्रवासाची तयारी करून बसलेली.

लोटाच्या बायकोचं तुम्हाला फार लागलंय हे कळतंय मला. प्रभूने तिची आठवण करा म्हटलंय, खरंय, लूक १७ मध्ये. पण उत्पत्ती १९ वाचा, लोट रेंगाळत होता तेव्हा त्या दूतांनी त्याचा, त्याच्या बायकोचा आणि दोन्ही मुलींचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. सगळ्या कुटुंबाचा हात धरून. ती मागे वळली आणि मिठाचा खांब झाली, पण ती वळली ती सदोमाकडे, देव ज्या पापी शहराचा नाश करत होता त्याच्याकडे. मुलाचं शिक्षण आणि विधवा जाऊबाईंचं घर म्हणजे सदोम नाही, आणि हे मिस्टरांना शांतपणे पण ठामपणे सांगा, की हा शब्द परत माझ्यावर टाकू नका.

आता पैशाचं. पहिलं तीमथ्य ५:८, जो स्वतःच्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारलाय, तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट आहे. ह्याहून कडक वाक्य पौलाने क्वचित लिहिलंय. आणि मार्क ७ मध्ये प्रभू शास्त्र्यांना कुर्बानबद्दल झापतो ते वाचा, म्हणजे आईबापांना द्यायचं ते देवाला अर्पण केलंय असं म्हणून हात झटकायचे. देवाच्या नावाने घरच्यांचं काढून घेणं प्रभूला त्या काळीही चालत नव्हतं. दशमांश द्या, दान द्या, आपल्या मंडळीत द्या जिथे हिशोब वार्षिक सभेत सगळ्यांसमोर ठेवतात. ज्या ग्रुपमध्ये कोण आहे, पैसा कुठे जातो, काही माहीत नाही तिथे मुलांची एफडी देऊ नका. आणि एक विचारा मिस्टरांना, ह्याच वर्षी सगळं संपणार असेल तर त्या लोकांना पैसे कशाला लागतायत? एफडी दोघांच्या नावावर असेल तर बँकेत जाऊन विचारून या की मोडायला दोघांची सही लागते का. हे मिस्टरांच्या पाठीमागे करू नका, सांगून जा, की मी विचारायला चाललेय.

खोलीचं तर अजून वेगळं आहे. सासरे दिरांच्या आधी वारले असतील आणि खोली त्यांच्या नावावर असेल, दोघांचंही मृत्युपत्र नसेल, तर ती एकट्या मिस्टरांची नाहीच. आपल्या ख्रिस्ती लोकांना भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ लागतो, त्यात सासऱ्यांच्या मालमत्तेत तुमच्या दिरांचा वाटा होता, आणि दीर गेल्यावर त्या वाट्यातला एक तृतीयांश जाऊबाईंचा आणि उरलेला दोन तृतीयांश मुलींचा. पागडीची असेल किंवा सोसायटीत कोणाचं नाव लावलंय त्यावर बाकीचं अवलंबून, ते एखाद्या वकिलाला कागद दाखवून विचारा. पण जाऊबाईंच्या सहीशिवाय विकायची भाषा बंद.

ह्याच्यावर यिर्मया ३२ मिस्टरांना नक्की वाचायला द्या. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलाय, शहर पडणार हे यिर्मयाने स्वतःच सांगितलंय, तो पहाऱ्यात कैद आहे, आणि अशा वेळी देव त्याला सांगतो की तुझ्या चुलतभावाचं अनाथोथचं शेत विकत घे. तो घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून देतो, खरेदीखत लिहितो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि ते खत मातीच्या मडक्यात ठेवायला सांगतो, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. चारी बाजूंनी शेवट दिसत असताना देवाचा संदेष्टा जमीन घेतोय! आणि त्याच्याच चार अध्याय आधी हनन्या नावाचा एक होता जो छातीठोक तारीख देत होता, दोन वर्षांत सगळं ठीक होईल म्हणून. लोकांना हनन्याच आवडला असणार. यिर्मयाने बाबेलातल्या बंदिवानांना काय लिहिलं, घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा.

आधार कार्डाचं पटकन सांगते. प्रकटीकरणात, म्हणजे बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ती खूण पशूची उपासना करणाऱ्यांची आहे, चौदावा अध्याय वाचा, उपासना आणि खूण एकत्र आहेत. योहानाने हे पुस्तक आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलं जिथे रोमी सम्राटाची देव म्हणून उपासना चालायची, आणि ६६६ हा आकडा नीरो कैसराच्या नावाचा आहे असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मुलाचं आधार अपडेट करून घ्या, नाहीतर एखाद्या फॉर्मला अडू शकतं.

आता धाकटी. तिला बसवून लांबलचक शिकवण देऊ नका. योहान १४ मधलं एवढंच सांगा की येशू म्हणाला घाबरू नका, मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातोय आणि तुम्हाला माझ्याजवळ घ्यायला परत येईन. तू त्याची आहेस, तो तुला विसरून जाणार नाही, आणि हे तिला मिस्टरांच्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार बरं, कारण भीती त्यांच्या मोबाईलमधून आलीये. ते व्हिडिओ मुलांसमोर मोठ्या आवाजात लावायचे नाहीत, ह्यावर मात्र अडून बसा. आणि किल्ली शेजारी ठेवा, तिला नीट दाखवा कुठे आहे, दारावर आईचा आणि बाबांचा नंबर लिहून चिकटवा, खाली जाताना फोन बरोबर न्या. थोडे दिवस झोपताना लाईट राहू दे, गाऊनचं टोकही राहू दे, ओरडू नका. महिनाभरात झोप सुधारली नाही, शाळेत जायला नको म्हणायला लागली, तर शाळेच्या काउन्सेलरला भेटा. टेली-मानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तो नंबर मिस्टरांसाठीही आहे. इतकी वर्षं जागरण चाललंय, भाऊ गेल्याचं दुःख आत कोंडलंय, त्याला डॉक्टरची मदत घेणं म्हणजे प्रार्थनेवर विश्वास नाही असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. लूक स्वतः वैद्य होता.

मंडळीत पाळकसाहेबांना भेटा, पण एकट्या जाऊन तक्रार केल्यासारखं नको. त्यांना घरी बोलवा, चहाला म्हणून, आणि आधी कानावर घाला की भावाच्या आठवणीची प्रार्थना घ्यायचीये, राहून गेली होती. ती प्रार्थना कळव्याला घ्या. जाऊबाईंच्याच घरी.

हो, कळव्यालाच. मिस्टरांना खरोखर तयार व्हायचंय ना, मग याकोब १:२७ वाचा, देवासमोर शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ आणि विधवांच्या संकटात त्यांचा समाचार घेणं. भावाच्या दोन मुली आहेत तिथे, बापाशिवाय वाढतायत, आणि सख्ख्या काकाशी बोलणं नाही. मत्तय ५ मध्ये तर प्रभू म्हणतो अर्पण वेदीवर तसंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. भाऊ राहिला नाही, त्याचं घर आहे अजून. उद्या प्रभू आला आणि भाऊही समोर उभा राहिला, तर तो पहिलं काय विचारेल ते मिस्टरांना ठाऊक आहे, त्यांना मी सांगायला नको.

तर ह्या रविवारी उपासना झाली की घरी न येता तसेच ठाण्याची ट्रान्सहार्बर लोकल पकडा, तिथून कळवा एकच स्टेशन. चौघंही जा, मुलांनाही घेऊन जा. आधी फोन करा, जाऊबाई उचलणार नाहीत कदाचित, मग मेसेज टाका की आम्ही येतोय, खोलीबद्दल काही बोलणार नाही. आणि खरंच बोलू नका. मुलींचं कितवीत चाललंय, फी भरलीये का, तेवढं विचारा. आणि तुमच्या मुलाच्या क्लासच्या फीची शेवटची तारीख किती आहे ते पत्रात लिहिलं नाहीत, ती जवळ आली असेल तर वाट बघू नका, भरून टाका.